ब्राझील नट : उभ्या जंगलाचं पीक

सुक्या मेव्याच्या दुकानात काजू-बदामांशेजारी हल्ली ब्राझील नटही मिळतो. त्याचं झाड ॲमेझॉनच्या वर्षावनातलं. मुख्यतः ब्राझील, बोलिव्हिया आणि पेरूमध्ये ते आढळतं आणि ५० मीटरपर्यंत उंच वाढतं. आपल्या बागांमधला कैलासपती आणि सह्याद्रीतला कुंभा त्याच्याच कुळातले.

सुरुवात फुलापासून करू. कैलासपतीप्रमाणे याच्याही फुलात पुंकेसरांचा फणा असतो, पण तो घट्ट मिटलेला. तो उचलून आत शिरायला अंगानं मोठी, दणकट मधमाशी लागते. ऑर्किड-मधमाश्या हे काम करतात. त्यांचे नर मीलनासाठी ऑर्किडच्या फुलांवरून सुगंधी द्रव्यं गोळा करतात. या झाडाला फळ धरायचं, तर जवळपास अशा मोठ्या मधमाश्या हव्यात.

फळ पिकायला वर्षाहून अधिक काळ लागतो. ते दोन किलोपर्यंत भरतं. लाकडासारख्या कठीण कवचात १० ते २५ बिया संत्र्याच्या फोडींसारख्या रचलेल्या असतात. उंचावरून पडूनही कवच सहसा फुटत नाही. ते फोडतो अगूटी हा कुरतडणारा प्राणी. तो काही बिया खातो, उरलेल्या ठिकठिकाणी पुरून ठेवतो. खायच्या राहिलेल्या बियांतल्या काही पुढे रुजतात. रोप सावलीत खुरटलेलं राहतं. एखादं मोठं झाड कोसळून ऊन आत आलं, की ते जोमानं वाढतं.

पावसाळ्यात, साधारण डिसेंबर ते मार्च, वेचणारे जंगलात शिरतात. वारा सुटला की ते झाडाखाली जात नाहीत, कारण डोक्यावर पडलेलं फळ जीव घेऊ शकतं. गोळा केलेली फळं ते कोयत्यानं फोडतात. वेचणीलाही मर्यादा हवी. जिथे अनेक दशकं जवळपास सगळ्या बिया उचलल्या गेल्या, तिथे तरुण झाडं फारच कमी आढळली आहेत.

ब्राझीलमध्ये हे झाड तोडायला कायद्यानं बंदी आहे. पण भोवतालचं रान साफ केलं, तर कुरणात एकटं उरलेलं झाड उभं राहूनही फारसं फळत नाही. रबराचा चीक काढणारे चिको मेंडिस जंगलतोडीविरुद्ध लढले आणि १९८८ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांच्या नावानं १९९० मध्ये राखलेल्या जंगलात लोक आजही रबर आणि हे नट गोळा करून पोट भरतात. हे झाड वाचवायचा मार्ग तोच आहे : झाडाबरोबर त्याचं सगळं जंगल राखणं.