तान्ह्या बाळाचे दुखणे

‘‘डॉक्टर, एवढ्याशा जिवाला काय कळतंय? आत्ता रडेल, घटकेत विसरेल!’’ बाळाला लस टोचताना हे वाक्य मी आजही ऐकतो. आजीबाईंना मी दोष देत नाही, कारण १९८० च्या दशकापर्यंत वैद्यकशास्त्राचे मतही जवळपास हेच होते. नवजात बाळाच्या मज्जातंतूंवरचे आवरण पुरते तयार नसते, म्हणून त्याला वेदना जाणवत नाहीत, असे मानले जाई. गुंगीचे औषध सोसणार नाही, ही भीतीही होती. त्यामुळे अपुऱ्या दिवसांच्या बाळांची छाती उघडून केलेल्या शस्त्रक्रियासुद्धा कित्येकदा जुजबी भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांवरच उरकल्या जात. बाळ हलू शकत नसे, इतकेच!

हा समज मोडण्यात मोठा वाटा इंदूरला शिकून ऑक्सफर्डला गेलेल्या डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांचा. शस्त्रक्रियेच्या वेळी फेंटानिल हे वेदनाशामकही दिले, तर बाळाच्या शरीरावर ताण कमी पडतो आणि पुढची गुंतागुंतही घटते, हे त्यांनी सहकाऱ्यांसह १९८७ साली दाखवून दिले. आवरणाचा मुद्दाही लटकाच होता. मोठ्या माणसांतही वेदनेचे बरेचसे संदेश बिनआवरणाच्या तंतूंतूनच जातात. पुढे २०१५ साली ऑक्सफर्डमध्येच एक ते सहा दिवसांच्या बाळांच्या तळपायाला हलकेच टोचून एमआरआयने मेंदू तपासला गेला. मोठ्यांच्या मेंदूतले जे २० भाग वेदनेने चेततात, त्यांपैकी १८ बाळांतही चेतले.

उलट, बाळाला आपल्यापेक्षा जास्तच लागत असावे. मोठ्यांच्या मेंदूतून वेदनेला लगाम घालणारे संदेश खाली मज्जारज्जूकडे येतात. तान्ह्या बाळात हा लगाम कच्चा असतो. म्हणून सुई टाचेला टोचली तरी ते सारे अंग आक्रसून घेते.

दुखणे ओळखायचे ते चेहऱ्यावरून. भुवया खाली ओढल्या जातात, डोळे घट्ट मिटतात, नाकापासून ओठांपर्यंतची घडी खोल होते, तोंड उघडून जीभ ताणली जाते. भुकेचे रडणे हळूहळू चढते, दुखण्याचे एकदम फुटते. अपुऱ्या दिवसांचे किंवा फार आजारी बाळ मात्र रडणारही नाही. ते शांत आहे म्हणजे त्याला दुखत नाही, असे समजू नका.

लस टाळायची नाहीच. सुई टोचण्याच्या थोडे आधी बाळाला अंगावर घ्या आणि टोचताना व नंतरही पाजत राहा. दूध, आईची ऊब आणि चोखणे या तिन्हींनी वेदना खरोखर कमी होते. नर्सबाई घाईत असल्या तरी तेवढे सांगायला संकोच करू नका. मध किंवा घुटी चाटवू नका आणि तान्ह्या बाळाला वेदनाशामक औषध स्वतःच्या मनाने देऊ नका.

बाराव्या दिवशी कान टोचायची घाई कशाला? सवडीने, स्वच्छ सुईने टोचा. आणि मेळघाटात पोट फुगलेल्या बाळाला तापल्या लोखंडाने चटके देण्याची ‘डंबा’ नावाची जी रीत आहे, तिने रोग जात नाही. होरपळलेल्या जिवाला जंतुसंसर्ग मात्र होतो.

काही केल्या न थांबणारे, किंचाळल्यासारखे रडणे, पोट टम्म फुगणे, हिरवी उलटी, दूध न ओढणे, अंग लुळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर रात्र असली तरी थांबू नका, बाळाला दवाखान्यात न्या.