पिवळ्या दिव्यामागची नोंदवही

कार्ब्युरेटरच्या काळात दुचाकीचा दोष कानाने व नाकाने शोधला जाई. इंजिन अडखळले, पेट्रोलचा वास सुटला, प्लग काढून पाहावा तर त्यावर काजळी धरलेली. एवढ्या खुणांवरून जाणता मिस्त्री निदान करीत असे. १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज सहा या नावाचे प्रदूषणविषयक नियम लागू झाले, आणि नव्या पेट्रोल दुचाक्यांतून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी विजेने उघडझाप करणारा इंजेक्टर आला. पुण्याच्या बजाज कंपनीने २००७ साली पल्सर २२० ही गाडी इंजेक्टरसह बाजारात आणली होती व २००९ साली त्याच गाडीस पुन्हा कार्ब्युरेटर बसविला होता. त्या काळी अशी निवड कारखानदारास करता येत असे. २०२० नंतर तिला फारसा वाव उरला नाही.

आज सिकंदराबादेतील राणीगंजाच्या बाजारात गाडीचा सुटा भाग आणावयास जाणारा मनुष्य पुष्कळदा हाती एक आकडा घेऊन जातो. ‘पी ०२०१’ हा त्यांपैकी एक. गाडीस तपासणीचे यंत्र जोडले की ते असा आकडा दाखविते. हा आकडा कोठून येतो व तो नेमके काय सांगतो, हे समजून घेतल्यास घरातील पैसे वाचण्याचा संभव आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम वेगाची कल्पना करावी. इंजिन मिनिटास ६००० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यास सेकंदाचा शंभरावा भाग लागतो. चार धावांच्या इंजिनात दोन फेऱ्यांमागे एकदा पेट्रोल फवारावे लागते. म्हणजे सेकंदास ५० वेळा. ही फवारणी केव्हा व किती वेळ करावयाची ते गाडीतील छोटा गणक ठरवितो. परंतु गणकाच्या नाजूक तारांना इंजेक्टरचा वीजप्रवाह सोसत नाही. म्हणून मध्ये एक दणकट चिप बसविलेली असते. गणकाने हुकूम द्यावा आणि चिपेने कळ दाबावी, अशी ही वाटणी आहे.

ही चिप केवळ हुकमाची ताबेदार नसते. तिच्या पोटात रजिस्टरे असतात. शाळेतील हजेरीचे रजिस्टर मुलांच्या परिचयाचे आहेच. चिपेतील रजिस्टर म्हणजे आठ किंवा सोळा घरांची एक ओळ, आणि प्रत्येक घरात शून्य किंवा एक, याखेरीज तिसरे काही लिहिता येत नाही. काही रजिस्टरांत गणक हुकूम लिहितो. काहींत चिप स्वतः दोष लिहिते: या घरात १ म्हणजे तार तुटली, त्या घरात १ म्हणजे प्रवाह भलताच वाढला, आणखी एका घरात १ म्हणजे चिप स्वतःच सुमारे १५० ते १८० अंशांपर्यंत तापली व तिने काम थांबविले.

गणक व चिप यांचे बोलणे चार तारांवरून चालते. एक तार ठोके देते, एक ‘आता तुझी पाळी’ असे सांगते, एक हुकूम नेते व एक उत्तर आणते. सोळा घरांतील मजकूर एकदम जात नाही. प्रत्येक ठोक्यास एक अंक, असा ओळीने सरकतो. ठोके सेकंदास काही दशलक्ष पडत असल्याने हा विलंब जाणवत नाही. कोकणातील रहाटगाडगे ज्यांनी पाहिले असेल त्यांना ही रीत चटकन उमगेल. एकीकडे रिकामी गाडगी खाली जातात, त्याच वेळी दुसरीकडे भरलेली वर येतात. आणि आत्ता वर आलेले पाणी आत्ता खाली गेलेल्या गाडग्यातले नसते. या चिपांतही पुष्कळदा तसेच होते: हाती येणारे उत्तर मागील प्रश्नाचे असते. गणकास हा हिशेब ध्यानात ठेवूनच वाचावे लागते.

आता चिपेला दोष कळतो कसा? इंजेक्टरच्या एका टोकास बॅटरीचे १२ व्होल्ट जोडलेले असतात; दुसरे टोक चिपेतील कळेपाशी येते. कळ दाबली की ते टोक गाडीच्या सांगाड्याशी जोडले जाते, वीज वाहते व झडप उघडते. कळ सुटलेली असतानाही चिप स्वस्थ बसत नाही. त्या टोकातून ती अतिशय क्षीण प्रवाह ओढून पाहते. मार्ग अखंड असेल तर टोकावरील दाब १२ व्होल्टांच्या आसपास टिकतो. तार तुटली असेल तर दाब पडतो, आणि चिप ‘तुटली’ या घरात १ मांडते.

येथेच खरी मेख आहे. तार तुटलेली नसून तिचे वेष्टण झिजून ती सांगाड्यास टेकली, तरीही दाब पडतोच! साध्या रचनेच्या चिपेत या दोन्ही दोषांची नोंद एकाच घरात होते. परिणाम मात्र अगदी उलट आहेत. तुटलेल्या तारेने इंजिनास पेट्रोलच मिळत नाही. टेकलेल्या तारेने झडप मिटतच नाही, आणि चावी चालू असेपर्यंत पेट्रोल आत जात राहते. चिप खोटे बोलत नाही, परंतु तिला दिसतो तो आपल्या टोकावरचा दाब. ‘पी ०२०१’चा अर्थही तेवढाच: पहिल्या इंजेक्टरच्या विद्युन्मार्गात दोष आहे. इंजेक्टर खराब झाला, असे तो आकडा कोठेही म्हणत नाही.

आमच्या परिचयाच्या एका पालकांच्या स्कूटरवर हाच आकडा आला. दुरुस्ती करणाऱ्याने नवा इंजेक्टर बसविला, आकडा पुसला, पैसे घेतले. आठ दिवसांनी पाऊस पडला आणि दिवा पुन्हा लागला. अखेर दुसऱ्या एका वयस्क मिस्त्रीने हँडल डावीउजवीकडे वळवीत तारांचा जुडगा बोटांनी चाचपला, तेव्हा मानेजवळ घासून उघडी पडलेली तार सापडली. चिकटपट्टी व थोडे डाख, एवढ्यावर काम भागले. तपासणीयंत्र दोघांपाशीही होते.

क्षणभर टेकून सुटणारी तार पकडणे माणसास कठीण, चिपेस सोपे. दोष काही दशलक्षांश सेकंद टिकला की ती १ मांडते, आणि दोष नाहीसा झाला तरी तो १ गणक वाचीपर्यंत तसाच राहतो. अनेक चिपांत मात्र वाचताक्षणीच घर पुन्हा कोरे होते. म्हणून गणकाला ती नोंद आपल्या कायम स्मृतीत उतरवून घ्यावी लागते. न उतरविल्यास पुरावा गेला. दिवा लावण्याची त्याला घाई नसते. काही दोष लागोपाठच्या प्रवासांत पुन्हा दिसले तरच तो दिवा लावतो. दिवा विझल्यानंतरही नोंद राहते. युरोपातील मोटारींच्या नियमांत, तोच दोष इंजिन ४० वेळा थंडाचे गरम होईपर्यंत पुन्हा दिसला नाही तरच ती पुसण्याची मुभा आहे. यंत्राने आकडा पुसून दिवा घालविणे मात्र एका मिनिटाचे काम आहे, व तार त्याने जुळत नाही.

जुनी दुचाकी विकत घेताना एवढे पाहावे. चावी फिरविताच इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन चालू झाल्यावर विझला पाहिजे. तो विझत नसेल तर दोषाची नोंद आहे. तो मुळीच लागत नसेल तर दिवाच गेलेला असेल किंवा कोणी काढून टाकलेला असेल, आणि मग आत काय लिहिले आहे ते यंत्र जोडून वाचल्यावाचून व्यवहार करू नये.