पाटावरची वही आणि हातचा कागद

आश्विन अमावास्येच्या सायंकाळी करवीरनगरीत घरोघरी आणि पेढीपेढीवर पाट मांडला जातो. भोवती रांगोळी, वर अक्षतांचे स्वस्तिक, कलश, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे, धणे-गूळ. आणि या सर्वांच्या शेजारी कोरी वही. तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने ‘श्री’ रेखून तिलाही हळद-कुंकू वाहिले जाते. लक्ष्मी चंचल आहे, असे आपण म्हणतो. या चंचल लक्ष्मीच्या पूजेत वहीला मान का, याचा विचार मात्र आपण क्वचितच करतो. जे हाती आले आणि जे हातून गेले त्याची प्रामाणिक नोंद ठेवणे, हीच लक्ष्मीची खरी सेवा, असा या पूजेचा अर्थ आम्हांस वाटतो. परंतु नोंद टिकायची तर ती वाहणारा कागदही टिकला पाहिजे. हा धडा आम्ही मोठी किंमत देऊन शिकलो.

बाड फुटले, पोथी राहिली

आम्हां कीर्तनकारांचे धन म्हणजे ‘बाड’. पदे, आर्या, साक्या, दिंड्या, दृष्टांत, आख्यानांचे धागे, सारे त्यात उतरवून ठेवलेले असते. आमच्या गुरुजींनी सांगितलेली पदे आम्ही तरुणपणी बाजारातून आणलेल्या साध्या वह्यांत लिहून घेतली होती. मध्यंतरी कार्तिकी एकादशीच्या कीर्तनासाठी त्यांतील एक वही उघडली, तो पान बोटांतच तुटले. कडा तपकिरी पडलेल्या, घडीवर भेगा, आणि अक्षरांसह झडणारे तुकडे. एका पदाचे दोन चरण वाचता आले, पुढचे गेले. गुरुजी कैलासवासी झाले; ते चरण आता विचारायचे कोणाला?

त्याच कपाटात आमच्या पणजोबांच्या वेळची हस्तलिखित पोथी होती. वयाने ती या वहीच्या कितीतरी पुढे. पण पाने अजून लवचीक, शाई काळीभोर. चुकलेल्या अक्षरावर दिलेला पिवळ्या हरताळाचा लेपही शाबूत. (‘हरताळ फासणे’ हा आपला वाक्प्रचार या लेपावरूनच आला.) जुने राहिले आणि नवे गेले, हे कसे?

या कोड्याचा उलगडा आमच्या पेठेतील एका निवृत्त शिक्षिकेने केला. प्राथमिक शाळेत मुलांना कार्यानुभव शिकविण्यात त्यांची हयात गेली. आता त्या घरी बसून हातकागदाच्या वह्या, दैनंदिनी आणि शुभेच्छापत्रे करतात. सगळी पेठ त्यांना ‘बाई’ म्हणूनच ओळखते. आमचे तुकडे हातावर घेऊन त्या म्हणाल्या, “बुवा, अक्षर तुमचं चांगलंच होतं हो. कागदानं दगा दिला.”

लाकडाच्या लगद्यापासून गिरणीत होणाऱ्या स्वस्त कागदात लाकडाचा चिकट अंश राहतो. उजेडाने आणि हवेने तो पिवळा पडतो. शिवाय शाई फुटू नये म्हणून जुन्या गिरण्या राळ आणि तुरटी घालीत. त्यातून निपजणारे आम्ल कागदाचे तंतू आतून खात राहते. कापसाच्या चिंध्यांचा कागद मुळातच शुद्ध आणि लांब तंतूंचा असल्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या तग धरतो.

समर्थांचा लेखनविवेक

महाराष्ट्रात हातकागदाची परंपरा जुनी आहे. महंमद तुघलकाने १३२७ साली राजधानी दौलताबादेस हलविली. त्या किल्ल्याच्या जवळचे कागजीपुरा हे गाव आपल्या नावातच तो व्यवसाय सांगते. जुन्नरचा कागद पेशवाईच्या दप्तरांत वापरला गेला, आणि पुण्याच्या कसबा पेठेतील कागदीपुऱ्याने कागदी कारागिरांची आठवण जपली.

समर्थ रामदासांनी तर दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनक्रियेला वाहिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे. चोहोंकडून जागा सोडावी, म्हणजे कडा झिजल्या तरी मजकुराला धक्का लागणार नाही. बरू, शाई, चाकू, कागद यांची निवड करावी. ग्रंथ बांधून, पेटीत जपून ठेवावा, इतक्या बारकाईने त्यांनी सांगितले आहे. परमार्थाच्या ग्रंथात हे कशासाठी? ज्याला अक्षरब्रह्म म्हणायचे, त्याच्या आसनाची हेळसांड करून कसे चालेल? संस्कृत हस्तलिखितांच्या शेवटीही लेखकू पुस्तकाच्या तोंडी विनवणी घालीत, की मला तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून राखा.

गिरण्यांच्या कागदापुढे ही कला मावळू लागली, तेव्हा ग्रामोद्योगाच्या चळवळीने तिला हात दिला. १९३४ साली वर्धा येथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला. त्याच कार्यातील के. बी. जोशी यांनी हातकागदावर ग्रंथ लिहिला, आणि त्यांच्या प्रयत्नाने पुण्यात शिवाजीनगर येथे हातकागद संस्था उभी राहिली. १९४० साली पंडित नेहरूंच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. तेथील रस्त्याला आज जोशींचे नाव आहे.

कागद करण्याची रीत मोठी रम्य आहे. सुती चिंध्या निवडून, बारीक कापून पाण्यात कुटतात. त्यांचा लगदा पातळ करून हौदात सोडतात. त्यात जाळीचा साचा बुडवून वर काढायचा आणि क्षणभर हलवायचा, म्हणजे तंतू एकमेकांत गुंततात. पाणी निथळते, जाळीवर ताव उरतो. तो कापडाच्या थरांत ठेवून दाबायचा, वाळवायचा, खळ द्यायची आणि घोटून गुळगुळीत करायचा.

ज्याची त्याची दैनंदिनी

बाई असे ताव पुण्याहून आणवितात. घड्या घालून जुजबंदी करायची, दाभणाने भोके पाडून मेण लावलेल्या दोऱ्याने शिवायचे, पुठ्ठ्याला खादी चिकटवायची. चिकटविण्यास मैद्याची खळ. तीत कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. हे काम हातघाईने होत नाही.

त्यांचे वैशिष्ट्य असे, की त्या एकसारख्या दैनंदिनी करीत नाहीत. आधी माणसाला त्याचा दिवस विचारतात, मग पाने आखतात. एका आजींच्या वहीत एकादशी, चतुर्थी, प्रदोष आणि औषधाच्या वेळा मोठ्या अक्षरांत आहेत. करवीर तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या वहीत उसाची लागण, पाण्याची पाळी, खताचे हप्ते आणि तोडणी यांचे रकाने आहेत. आमच्यासाठी त्यांनी आडवे बाड शिवले. त्यात एका बाजूस गाव, तिथी, पूर्वरंगाचा विषय, उत्तररंगाचे आख्यान अशी आखणी आहे. कारण एका गावी लागोपाठ दोन वर्षे तेच आख्यान लावल्याचा प्रमाद आमच्या हातून घडला होता, आणि तो त्यांच्या कानी गेला होता! दुसरी बाजू गुरुजींच्या उरलेल्या पदांसाठी कोरी. जेथे चरण हरवले, तेथे जागा रिकामी सोडा, असे त्यांनी बजावले. “कुणा शिष्याच्या वहीत सापडतील, बुवा. जागा असली तर परत येतील.”

दिवाळीची शुभेच्छापत्रेही त्या हातानेच करतात. दसऱ्याला लुटलेल्या सोन्यातील आपट्याचे एक जोडपान जाड पुस्तकात दाबून वाळवायचे आणि ते पत्रावर चिकटवायचे. मजकूर छापील नसतो. ज्याचा त्याने लिहायचा. संस्कृतात ‘पत्र’ म्हणजे पान. भूर्ज आणि ताडाच्या पानांवर लिहिता लिहिता तोच शब्द लेखाला आणि निरोपाला चिकटला. बाईंच्या हाती त्या शब्दाचे दोन्ही अर्थ पुन्हा एकत्र आलेले पाहून आम्हांस धन्यता वाटली.

शिक्षकाने हातांनी काही घडवावे, ही परंपरा आपल्याकडे लहान नाही. १९३७ च्या वर्धा शिक्षण परिषदेने हस्तोद्योग हाच शिक्षणाचा पाया मानला. त्याही आधी अमळनेरच्या वसतिगृहात साने गुरुजी मुलांसाठी ‘छात्रालय दैनिक’ स्वहस्ते लिहून काढीत. आपल्यासाठी कोणी रोज लिहिते आहे, हा दिलासा त्या हस्ताक्षरात होता.

एक शंका

एका सोवळ्यातील आजींनी आम्हांस विचारले, “चिंध्यांचा कागद पूजेला कसा चालेल?” आम्ही म्हटले, निरांजनातील वात कापसाचीच ना? जीर्ण वस्त्र निवडले, धुतले, कुटले, आणि त्यातून शुभ्र पान उपजले. टाकून दिलेले पुन्हा सरस्वतीच्या सेवेस लागले, यात विटाळ कसला? दुसरी शंका किमतीची. हातकागद महाग पडतो, हे खरेच. रोजच्या टिपणांस साधी वही पुरे. पण जे नातवाने वाचावे असे वाटते, ते तरी टिकाऊ पानावर असावे.

आज भ्रमणध्वनीवर शुभेच्छांचा वर्षाव होतो. त्यात वाईट काही नाही. पण एकाचा निरोप शंभरांना जातो आणि पाडव्यापर्यंत पुसलाही जातो. वाचकहो, यंदा निदान एक पत्र स्वहस्ते लिहा. ज्याला लिहावयाचे राहून गेले आहे, त्यालाच लिहा. आणि पाटावर ठेवलेली वही पूजेनंतर मिटून ठेवू नका. घरातील वडीलधाऱ्यांना जवळ बसवून त्यांची एखादी आरती, एखादे व्रत, एखादी ओवी तीत उतरवून घ्या. आमच्या दोन चरणांची जी गत झाली, ती तुमच्या घरी न होवो.

श्री अंबाबाईच्या कृपेने आपणां सर्वांच्या वहीत जमेची बाजू वाढत राहो, हीच शुभकामना.