करखात्याची पुनर्घडण

करवसुली करणारे खाते कोणत्याही देशात लोकप्रिय नसते. अमेरिकेत तर ते विशेष अप्रिय. १९९७ साली त्याची सूत्रे चार्ल्स रॉसोटी या उद्योजकाकडे आली. एरवी हे पद बहुधा करकायद्याच्या वकिलांकडे जाई. सुमारे एक लाख कर्मचाऱ्यांच्या या खात्याची प्रदेशवार रचना मोडून रॉसोटींनी पगारदार, छोटे व्यावसायिक, मोठ्या कंपन्या आणि करमुक्त संस्था असे चार विभाग केले. हे शहाणपणाचेच होते. परंतु १९९८ च्या कायद्याने गैरवर्तनाच्या दहा प्रकारांसाठी बडतर्फीची तरतूद केली, वसुलीवर नव्या अटी घातल्या, आणि कर्मचाऱ्यांनी हात आखडता घेतला. वर्षाला सुमारे १० हजार असलेल्या जप्त्या १९९९ मध्ये दोनशेच्या आत आल्या! करबुडव्यांना याहून मोठी सवलत कोणती? ज्याचा कर पगारातूनच कापला जातो, त्या नोकरदाराच्या वाट्याला मात्र ती येणार नव्हती.