वैराला प्रीतीचें उत्तर

शत्रूवरहि प्रीति करावी, अशी येशू ख्रिस्ताची शिकवण डोंगरावरील प्रवचनांत आलेली आहे. ती ऐकावयास गोड, पण आचरावयास कठीण आहे. घरावर उठलेल्या, मुलाबाळांच्या जिवावर टपलेल्या माणसावर प्रेम करावें तरी कसें? आणि केलेंच, तर तें अन्यायापुढें मान तुकविणें होत नाहीं काय? अमेरिकेंतील माँटगोमेरी शहरांत १९५५ व १९५६ सालीं घडलेल्या एका प्रकरणानें या दोन्ही शंकांना उत्तर दिलें, आणि तें उत्तर पुस्तकी नव्हतें.

माँटगोमेरी ही अलाबामा राज्याची राजधानी. तेथील बसगाड्यांतील पुढचीं बांकें गोऱ्या उतारूंसाठीं राखलेलीं असत. काळ्या उतारूनें पुढच्या दारानें चढून पैसे द्यावे, खालीं उतरावें आणि मागच्या दारानें पुन्हां आंत शिरावें, असा प्रकार पुष्कळदां चाले. गाडी भरली म्हणजे मधल्या बांकांवरील काळ्या उतारूंनीं उठून गोऱ्यांना जागा द्यावयाची. १ डिसेंबर १९५५ रोजीं रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या बाईंनीं उठण्याचें नाकारलें व त्यांना अटक झाली. ५ डिसेंबरपासून तेथील काळ्या समाजानें बसगाड्यांवर बहिष्कार घातला. त्याचें पुढारीपण मार्टिन ल्यूथर किंग या अवघ्या २६ वर्षांच्या पाळकाकडे आलें.

३० जानेवारी १९५६ रोजीं रात्रीं किंग एका सभेंत असतां त्यांच्या घराच्या ओसरीवर बाँब टाकण्यांत आला. घरांत त्यांची पत्नी कोरेटा आणि अडीच महिन्यांची मुलगी होती. सुदैवानें दोघींना इजा झाली नाहीं. किंग घरीं पोंचले, तों घरापुढें संतप्त लोकांची गर्दी लोटलेली. कित्येकांजवळ शस्त्रें होतीं. शहराचे मेयर आणि पोलीसप्रमुख, दोघेहि गोरे, तेथेंच उभे होते. चिथावणीचा एक शब्द पुरे होता. किंग यांनीं बाँबनें मोडलेल्या ओसरीवर उभें राहून लोकांस सांगितलें कीं, शस्त्रें आणलीं असतील तर तीं घरीं घेऊन जा; आपणांस शत्रूंवर प्रीति करावयाची आहे; एक माणूस थांबविला तरी हें कार्य थांबणार नाहीं. जमाव शांतपणें पांगला.

हे सामर्थ्य किंग यांना जन्मतः लाभलेलें नव्हतें. त्या दिवसांत त्यांच्या घरांत बंदूक होती, आणि बाँबच्या प्रसंगानंतर शस्त्राच्या परवान्यासाठीं त्यांनीं अर्जहि केला होता. तो नामंजूर झाला. पुढें विचारांतीं त्यांनीं घरांतून शस्त्र काढून टाकलें. प्रीतीचा मार्ग त्यांनाहि शिकावा लागला.

या मार्गाचें मर्म किंग आपल्या प्रवचनांतून एका भाषाभेदाच्या आधारें समजावीत. ग्रीक भाषेंत प्रेमाला निरनिराळे शब्द आहेत. 'एरॉस' म्हणजे अनुराग, 'फिलिया' म्हणजे मित्रांमधला स्नेह, आणि 'अगापे' म्हणजे परतफेडीची अपेक्षा न ठेवतां दुसऱ्याचें हित इच्छिणारी प्रीति. शत्रूसंबंधींची आज्ञा या तिसऱ्या प्रीतीची आहे. शत्रू आवडलाच पाहिजे, असें ती सांगत नाहीं. त्याच्या अन्यायाला विरोध करावा, पण त्याचा नाश इच्छूं नये, इतकेंच ती मागते. आणि तेंहि थोडें नव्हे.

म्हणूनच या प्रीतींत लाचारी नव्हती. लोक ३८१ दिवस बसमध्यें चढले नाहींत. मोलकरणी व मजूर मैलोगणती पायीं चालले. सुमारें ३०० खाजगी मोटारी लोकांची नेआण करीत. खटले झाले, किंग यांना ५०० डॉलर दंड झाला, तरी बहिष्कार सुटला नाहीं. न्यायालयांत दादहि मागितली गेली, आणि १३ नोव्हेंबर १९५६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बसमधील वर्णभेद घटनाबाह्य ठरविणारा निर्णय कायम केला.

विजय मिळाल्यावरची तयारी तर अधिकच बोधप्रद आहे. चर्चमध्यें वेदीपुढें बसप्रमाणें खुर्च्या मांडून कोणी चालक, कोणी गोरा उतारू, कोणी काळा उतारू झाला. शिवी आली, धक्का बसला, तर काय करावें, याचा सराव करण्यांत आला. विजयाची फुशारकी मारूं नये, अपशब्दास अपशब्दानें उत्तर देऊं नये, अशा सूचनांचें पत्रक वाटलें गेलें. २१ डिसेंबर १९५६ रोजीं लोक पुन्हां बसमध्यें चढले, ते ही शिकवण घेऊन.

प्रीतीनें सर्व विरोधकांचीं मनें पालटलीं, असें मात्र झालें नाहीं. जानेवारी १९५७ मध्यें चार चर्चवर बाँब पडले. काळ्या मंडळीची सेवा करणारे गोरे पाळक रॉबर्ट ग्रेट्झ यांच्या घरावर तर दोनदां बाँबहल्ला झाला. ४ एप्रिल १९६८ रोजीं स्वतः किंग गोळीस बळी पडले. बसमधील भेद न्यायालयाच्या आज्ञेनें गेला. प्रीतीनें साधलें तें हें कीं, त्या भेदाच्या जागीं सूडाची नवी परंपरा सुरू झाली नाहीं.

प्रेरणा ख्रिस्ताची आणि पद्धति गांधींची, असें किंग सांगत. १९५९ सालीं ते भारतांत आले असतां मुंबईस मणिभवनांत राहिले. गांधींची हत्या झाली ती ३० जानेवारीसच, १९४८ सालीं. त्यानंतरच्या दिवसांत महाराष्ट्रांत मारेकऱ्याच्या जातीच्या अनेक निरपराध कुटुंबांचीं घरें जाळण्यांत आलीं. एकाचा अपराध साऱ्या जातीच्या माथीं मारण्याची तीच वाट आठ वर्षांनीं माँटगोमेरींतील जमावापुढेंहि उघडी होती. बाँब टाकणारे गोरे होते. समोर उभे असलेले अधिकारीहि गोरेच होते. जमाव त्या वाटेनें गेला नाहीं, कारण ज्याचें घर फुटलें होतें त्यानेंच ती अडविली. शेजाऱ्यांनीं सांगितलेली क्षमा हलकी वाटते; ज्याला घाव बसला त्याच्या तोंडून ती आली, म्हणजे उगारलेला हातहि खालीं येतो.