समोरचा शाहीर

शिवरायांचं चरित्र संस्कृतात रचणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी पोलादपुरात आहे. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठ याच तालुक्यातलं. त्यांच्या सिंहगडाच्या पराक्रमावर शाहीर तुळशीदासाने पोवाडा रचला आणि तो महाराष्ट्रभर गेला. पण महाड-पोलादपूरच्या वाड्या-वस्त्यांवर रात्र रात्र ऐकले गेलेले कवी निराळेच. ते शक्ती-तुऱ्याचे शाहीर. त्यांची ना समाधी, ना छापील पुस्तक. त्यांची कविता समोरच्याला हरवण्यासाठी जन्मते आणि बहुतेक वेळा त्याच रात्री विरून जाते.

या सामन्यांच्या शाहिरीचं मूळ जाखडीत. मुंबईकर तिला बाल्या नाच म्हणतात. मधोमध शाहीर, ढोलकी, झांज आणि कोरस, भोवती एका पायात चाळ बांधलेल्या नाच्यांचं रिंगण. गौरी-गणपतीत घरोघरच्या अंगणात हा नाच होतो. मात्र दोन मंडळं समोरासमोर आली की नाचाचा सामना होतो. शक्तीवाले आदिमायेला थोर मानतात, तुरेवाले शिवाला. प्रकृती आधी की पुरुष आधी, हा जुना वाद इथे भातशेती करणारी माणसं ढोलकीवर लढवत आली आहेत. देशावर हाच वाद कलगी-तुरा म्हणून तमाशाच्या फडात रंगला. पेशवाईच्या उत्तरकाळातले होनाजी बाळा आणि सगनभाऊ यांची चुरसही शाहिरी परंपरेत प्रसिद्ध आहे.

शाहीर होण्याची सुरुवात सहसा मागच्या रांगेतून होते. पोरगा आधी पायात चाळ बांधतो, मग कोरसात सूर धरतो आणि आवाज बरा असला तर गुरूच्या शेजारी बसतो. गुरूची वही उतरवून घेणं ही खरी शाळा. पदाच्या शेवटी गुरूचं आणि घराण्याचं नाव गुंफायचं असतं, त्यामुळे ऐकणाऱ्याला लगेच कळतं की हा कोणाच्या तालमीतला. हरला तर नाव एकट्याचं जात नाही, घराण्याचं जातं. म्हणून गुरू शिष्याला घाईने पुढे बसवत नाही.

सामन्याचा क्रम ठरलेला. गण, मग गौळण, मग सवालाचं पद. भेदिक म्हणतात ते इथे सुरू होतं. पुराणातली एखादी आडवाटेची कथा घ्यायची, तिच्यातलं नाव लपवायचं आणि समोरच्याला विचारायचं, हा कोण ते सांग. किंवा देहालाच गाव करायचं: पाच तत्त्वांची माती, नऊ दरवाजे, सहा चक्रांच्या चौक्या, आणि या गावचा पाटील कोण? उत्तर येत असेल तरी ते चालीत, यमकात बसवून द्यावं लागतं. पहिल्या पक्षाचं गाणं चालू असताना दुसऱ्या पक्षाचा शाहीर कागदावर ओळी जुळवत असतो, ढोलकीवाल्याला कानात चाल सांगत असतो. मला या कलेचा सगळ्यात मोठा क्षण हाच वाटतो. तयारीचं पद चांगला पाठांतरवाला कुणीही गाईल. ऐनवेळचा जवाब मात्र ज्याने आयुष्यभर पोथ्या ऐकल्या आहेत त्यालाच सुचतो.

पोटासाठी मुंबई गाठलेल्या चाकरमान्यांनी ही कला गिरणगावात नेली. दिवसा गिरणीची पाळी, रात्री चाळीत तालीम. १९२२ साली उभं राहिलेलं परळचं दामोदर नाट्यगृह नमन या लोकनाट्याचं आणि शक्ती-तुऱ्याचं हक्काचं ठिकाण झालं. २०२३च्या नोव्हेंबरात ते पुनर्विकासासाठी बंद झालं, तेव्हा कोकणातल्या मंडळांना बसलेला धक्का मोठा होता. परवडणारा रंगमंच गेला की या कलेच्या पायाखालची जमीनच जाते.

यमकांची अशी समोरासमोरची झुंज सातासमुद्रापारही आहे. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये ११ ऑगस्ट १९७३ला कूल हर्क या डीजेने बहिणीच्या पार्टीत रेकॉर्डी वाजवल्या, तो हिपहॉपचा जन्मदिवस मानतात. १९८१च्या डिसेंबरात हार्लेममध्ये गर्दीला हसवण्यात पटाईत असलेल्या बिझी बी या रॅपरला कूल मो डी याने नेमक्या, घट्ट यमकांनी मंचावरच उघडं पाडलं आणि त्या रात्रीची कॅसेट हातोहात फिरली. आपल्या सामन्यांच्याही कॅसेट निघाल्या, नंतर सीडी, आता यूट्यूब. मुंबईच्या ‘स्वदेशी’ गटातला एमसी मवाली किंवा अमरावतीचा सौरभ अभ्यंकर मराठीत रॅप करतात तेव्हा तरुणांना ते नवं वाटतं. त्या तरुणांनी गणपतीत महाडच्या पुढे एखादा सामना रात्रभर बसून ऐकावा, असं मला फार वाटतं. रॅपच्या लढतीत समोरच्याचा पाणउतारा चालतो, तसा इथेही चालतो. पण इथे प्रश्नाला उत्तर देता आलं नाही, तर नुसत्या पाणउताऱ्याने जाणकार श्रोता फसत नाही.

अलीकडे तिकिटावरच्या सामन्यांत सिनेमाच्या चालींवरची वैयक्तिक टीका वाढली आहे, भेदिक मागे पडतंय. जुन्या शाहिरांना याचं दुःख आहे आणि ते खरं आहे. जुन्या वह्या घराघरांत पडून आहेत. २००५ आणि २०२१च्या महापुरांत, दरडींत महाड-पोलादपूरची घरंच्या घरं गेली, तिथे कागदाचा काय पाड? या वह्यांची छायाचित्रं काढून ठेवणं मोबाईलवरही होण्याजोगं काम आहे. गावोगावच्या मंडळांनी ते हाती घ्यावं.

चांगली गोष्ट अशी की आता बायकाही शाहीर म्हणून समोरासमोर बसू लागल्या आहेत. त्यांच्यातल्या काही शक्तीच्या बाजूने गातात, काही तुऱ्याच्या. प्रकृती मोठी की पुरुष, हा सवाल एखादी बाई तुऱ्याच्या गादीवरून टाकते आणि समोरचा पुरुष शाहीर आदिमायेची बाजू घेऊन जवाब जुळवू लागतो, तेव्हा जुन्या पदांची तयार उत्तरं पुरत नाहीत.