बूटस्ट्रॅप: बटणं नंतर, आधी लहान स्क्रीन

वेबसाइट बनवायला शिकणारा नवखा माणूस बूटस्ट्रॅप, म्हणजे पानाच्या तयार भागांचं फ्रेमवर्क, उघडतो आणि पहिला हात घालतो तो बटणांना. निळं बटण, हिरवं बटण, गोलसर कडांचे चौकोन, दाबल्यावर खाली उतरणारा मेनू. ठरलेली चार नावं लिहिली की अर्ध्या तासात पान नटून उभं राहतं. मग तेच पान कुणीतरी फोनवर उघडतं आणि त्याची रया जाते: तक्ता उजवीकडे स्क्रीनबाहेर पळालेला, दोन चौकोन एकमेकांना चेंगरून बसलेले, आणि अख्खं पान बोटाबरोबर डावीउजवीकडे डुलतंय. दोष बूटस्ट्रॅपचा नसतो, शिकण्याच्या क्रमाचा असतो. या फ्रेमवर्ककडून घेण्याजोगी मोलाची गोष्ट तयार बटणं नाहीत. ती आहे लहान स्क्रीनपासून विचार सुरू करायची सवय. ती सवय त्याच्या बारा कॉलमांच्या मांडणीत मुरलेली आहे, म्हणून शिकायला बसणाऱ्याने पहिला आठवडा तिथेच घालवावा.

मुळात अडचण काय होती ते पाहू. वर्तमानपत्राचं पान लावणाऱ्याला कागदाची रुंदी माहीत असते. आठ कॉलमांपैकी बातमीला तीन द्यायचे की पाच, हे ठरवलं की वाचकाच्या हाती पान तसंच पडतं. वेबपान कुठे उघडलं जाणार याचा मात्र भरवसा नाही. एकाकडे ३६० पिक्सेल रुंदीचा फोन, दुसऱ्याकडे १९२० पिक्सेलचा मॉनिटर. तरीही बरीच वर्षं वेब बनवणारी मंडळी कागदाच्याच हिशेबाने चालली. १०२४ पिक्सेलचा मॉनिटर गृहीत धरून ९६० पिक्सेल रुंदीचं पान बांधायचं, असा जणू रिवाज पडला होता. २००७ साली आयफोन आला तेव्हा त्याच्या ब्राउझरने त्यावर तात्पुरती तोड काढली: पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरायचं आणि सगळं आक्रसून ३२० पिक्सेलांत बसवायचं. वाचकाने दोन बोटांनी ताणून वाचावं. २०१० च्या मे महिन्यात ईथन मार्कोट यांनी ‘ए लिस्ट अपार्ट’ या नियतकालिकात लेख लिहून निराळा मार्ग मांडला आणि त्याला ‘रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन’ हे नाव दिलं. रुंदी पिक्सेलांऐवजी टक्क्यांत मोजायची, चित्रं जागेप्रमाणे लहानमोठी होऊ द्यायची, आणि स्क्रीनची रुंदी विचारून नियम बदलायचे. शिवलेल्या अंगरख्याऐवजी नेसायचं वस्त्र, असा हा फरक आहे. एकच लुगडं सासूलाही होतं आणि सुनेलाही.

बूटस्ट्रॅपचा स्वतःचा इतिहास माझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून पुरेसा आहे. ट्विटर कंपनीत मार्क ओटो आणि जेकब थॉर्न्टन यांनी कंपनीच्या अंतर्गत साधनांचं रूप एकसारखं राहावं म्हणून ते तयार केलं. सुरुवातीचं नाव ‘ट्विटर ब्लूप्रिंट’. १९ ऑगस्ट २०११ रोजी ते सर्वांसाठी खुलं झालं. गंमत अशी, की आज ज्या कामासाठी त्याचं नाव घेतलं जातं ते काम पहिल्या आवृत्तीला येतच नव्हतं. २०१२ च्या जानेवारीत दुसऱ्या आवृत्तीबरोबर रिस्पॉन्सिव्हपणा आला, पण जादा फाइल म्हणून. हवी तर जोडा, नको तर सोडा. म्हणजे पान मोठ्या स्क्रीनसाठीच बांधायचं आणि मागाहून फोनसाठी ठिगळ लावायचं. हे टिकलं नाही. ऑगस्ट २०१३ मधल्या तिसऱ्या आवृत्तीत कर्त्यांनी सगळं उलटवून पुन्हा लिहिलं: मूळ नियम फोनसाठी, आणि स्क्रीन वाढेल तशी त्यात भर. ‘मोबाइल फर्स्ट’ म्हणतात ते हेच. २०१८ मध्ये चौथी आवृत्ती आली, २०२१ च्या मे महिन्यात पाचवी. आतलं यंत्र बदललं, जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीची गरज संपली, जुन्या इंटरनेट एक्सप्लोररला निरोप मिळाला; लहानाकडून मोठ्याकडे जायचा क्रम मात्र तसाच राहिला. हे साधन बनवणाऱ्यांनाच जो धडा दोन वर्षांनी आणि पुनर्लेखनाची किंमत मोजून मिळाला, तो नवशिक्याला पहिल्या दिवशी फुकट मिळत असेल तर त्याने तो का सोडावा?

आता ही मांडणी चालते कशी ते पाहू. तीन शब्द लक्षात ठेवायचे: कंटेनर, त्याच्या पोटात रो, आणि रोच्या पोटात कॉलम. प्रत्येक रोचे बारा समान भाग मानलेले असतात. बाराच का, तर ज्या कारणाने केळी डझनावर विकली जातात त्याच कारणाने: बाराचे दोन, तीन, चार, सहा असे कसेही सारखे वाटे पडतात. एखाद्या चौकोनाला ‘कोल-एमडी-६’ असं नाव (क्लास) दिलं तर त्याचा अर्थ, ७६८ पिक्सेल आणि त्याहून रुंद स्क्रीनवर याला बारापैकी सहा भाग, म्हणजे अर्धी जागा. त्याखाली काय? त्याखाली काही सांगितलेलं नसतं, म्हणून चौकोन पूर्ण रुंदी घेतो आणि दुसरा त्याच्या खाली उतरतो. सगळी मेख इथे आहे. पाचव्या आवृत्तीत ५७६, ७६८, ९९२, १२०० आणि १४०० पिक्सेल असे पाच टप्पे आहेत आणि प्रत्येकाला आखूड नाव आहे. सगळ्यात लहान स्क्रीनला मात्र नाव नाही. तिसऱ्या आवृत्तीत तिला ‘एक्सएस’ म्हणत, चौथीत ते नाव गळलं, कारण लहान स्क्रीन हा टप्पा नाहीच, ती मूळ अवस्था आहे. हे न कळलेला माणूस नुसतं ‘कोल-६’ लिहितो आणि फोनवरही दोन चौकोन शेजारीशेजारी चेंगरतात. दुसरी नेहमीची चूक म्हणजे कंटेनरशिवाय रो लिहिणं: रोला दोन्ही बाजूंना उणे समास असतो, तो कंटेनर भरून काढतो, आणि कंटेनरच नसेल तर पान आडवं डुलू लागतं. तिसरी चूक व्ह्यूपोर्टची ओळ गाळण्याची. ‘पानाची रुंदी म्हणजे या फोनची रुंदी’ असं ब्राउझरला सांगणारी ती एक ओळ नसेल तर फोन आजही २००७ सालासारखाच वागतो, आणि तुमचे पाचही टप्पे वाया जातात.

हा क्रम निव्वळ तांत्रिक नाही, तो मजकुराबद्दल निर्णय घ्यायला लावतो. समजा गावातल्या वाचनालयाचं पान करायचं आहे. मॉनिटर डोळ्यांपुढे ठेवून बसलं की डावीकडे संस्थेचा इतिहास, मध्ये अध्यक्षांचं मनोगत, उजवीकडे नवीन पुस्तकं, वर सरकती छायाचित्रं असं सगळं सुखाने मावतं. काही निवडावं लागत नाही. फोनच्या अरुंद स्क्रीनवर एकाखाली एकच गोष्ट बसते, आणि मग विचारावंच लागतं: रस्त्यात उभं राहून हे पान उघडणाऱ्याला आधी काय हवंय? वाचनालय आत्ता उघडं आहे का, वर्गणी किती, अमुक पुस्तक आहे का. अध्यक्षांचं मनोगत आपोआप खाली जातं (संस्थेच्या सभेत ते खाली नेण्याचं धैर्य कुणाला झालं नसतं). मोठ्या स्क्रीनवर मग त्याच क्रमाला कॉलमांत पसरवायचं. चौकोनांचा दिसणारा क्रम बदलायची सोय बूटस्ट्रॅपमध्ये आहे, पण अंध वाचकांसाठीचा स्क्रीन रीडर मूळ मजकुराच्याच क्रमाने वाचतो. म्हणून तो क्रम पहिल्यापासून बरोबर लागलेला बरा.

यावर जाणकारांचा पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप असा, की आधी सीएसएस (पानाचं रूप ठरवणारी भाषा) शिका, फ्रेमवर्कच्या कुबड्या नंतर. यात तथ्य आहे. एका घटकावर दोन नियम लागू झाले तर कुठला जिंकतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याची बूटस्ट्रॅपशी रोज झटापट होते, कारण त्याचे बरेच छोटे क्लास स्वतःला ‘इम्पॉर्टंट’ म्हणवून घेतात आणि तुमचा नियम निमूट हरतो. तेव्हा चौकटीचं गणित, नियमांची उतरंड आणि मापांची एककं एवढं आधी शिकावंच. पण त्यापुढे ‘सगळं सीएसएस आल्याशिवाय फ्रेमवर्कला हात नको’ हा सल्ला म्हणजे व्याकरण संपल्याशिवाय बोलू नको म्हणण्यासारखा आहे. बूटस्ट्रॅपच्या मांडणीत खाली सीएसएसचा फ्लेक्सबॉक्सच आहे, आणि ‘जस्टिफाय-कंटेंट-सेंटर’, ‘अलाइन-आयटम्स-सेंटर’ ही त्याच्या क्लासांची नावं थेट सीएसएसच्याच शब्दांवरून आलेली आहेत. ब्राउझरमध्ये एफ-१२ दाबून प्रत्येक क्लासच्या पोटात काय लिहिलंय ते वाचलं, तर हे साधन गाइडासारखं न राहता सोडवलेल्या गणितांच्या वहीसारखं होतं. न वाचता वापरणाऱ्याला मात्र ते काहीच शिकवत नाही.

दुसरी तक्रार, की सगळ्या साइट एकसारख्या दिसतात. दिसतात, आणि एके काळी बूटस्ट्रॅपच्या ठरावीक काळ्या पट्टीचा नि भल्यामोठ्या मथळ्याचा उबगही आला होता. पण एसटीच्या पाट्याही एकसारख्याच असतात, म्हणूनच धावतपळत वाचता येतात. वाचनालयाच्या, पतपेढीच्या किंवा शाळेच्या पानाला वेगळेपणाची हौस परवडेलच असं नाही. वजनाबद्दलची तक्रार तर बऱ्याचदा चुकीच्या दाराशी जाते: सीएसएसची फाइल दोनशे किलोबाइटांवर असली तरी दाबून पाठवल्यावर तिचा अगदी थोडा भाग उरतो, आणि त्याच पानावर फोनने काढलेला कित्येक मेगाबाइटांचा फोटो तसाच चिकटवलेला असतो. जावास्क्रिप्टची फाइल वेगळी मिळते; उघडमिट करणारा मेनू, सरकती छायाचित्रं असं काही नसेल तर ती जोडूच नये.

‘आता फ्रेमवर्क हवंच कशाला?’ हा प्रश्न जास्त गंभीर आहे. २०१७ च्या मार्चपासून प्रमुख ब्राउझरांत सीएसएसची स्वतःची ग्रिड आली. पुढे चौकोनाला स्वतःच्या जागेप्रमाणे बदलू देणाऱ्या कंटेनर क्वेरीही आल्या. मुरलेल्या माणसाला बारा कॉलमांची गरज उरलेली नाही, हे मान्य. अनेकजण २०१७ साली आलेल्या टेलविंड या दुसऱ्या फ्रेमवर्ककडे वळलेत, आणि मोठ्या टीमला ते सोयीचंही पडतं. पण टेलविंडचे टप्पेसुद्धा लहानाकडून मोठ्याकडेच जातात. बिनटप्प्याचा क्लास तिथेही फोनसाठीच. साधन बदललं तरी क्रम तोच असेल तर तो क्रम एका एचटीएमएल फाइलीत, एक दुवा जोडून, काहीही इन्स्टॉल न करता शिकवणारं फुकट साधन सुरुवातीला अजूनही उत्तम, असं माझं मत आहे.

मराठीत पान करणाऱ्याला थोडं जास्तीचं काम आहे, कारण या साधनाची मापं रोमन अक्षरं समोर ठेवून ठरलेली आहेत. मजकुराच्या ओळींतलं अंतर अक्षराच्या आकाराच्या दीडपट असतं, ते चालून जातं. मथळ्यांना मात्र १.२ पट, आणि दोन ओळींचा देवनागरी मथळा आला की वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडू लागतात. ते अंतर १.४ च्या पुढे न्यावं. इंग्रजी नमुन्यांतून अक्षरांमधलं अंतर वाढवायची फॅशन उचलू नये. आपली शिरोरेखा तुटते. मुंबईच्या एक टाइपने केलेला ‘मुक्त’ हा फॉन्ट मोफत मिळतो आणि लहान स्क्रीनवर स्वच्छ वाचता येतो. आणि एक ओळ तर बहुतेक मराठी पानांत नजरेतून सुटते. बूटस्ट्रॅपच्या नमुना-पानात दुसऱ्याच ओळीत पानाची भाषा ‘ईएन’, म्हणजे इंग्रजी, अशी लिहिलेली असते. ती तशीच राहिली तर स्क्रीन रीडर मराठी मजकुराला इंग्रजी आवाज लावू पाहतो. नमुना-पान उतरवून घेतलंत की बटणांकडे जाण्याआधी तिथे ‘एमआर’ लिहा.